खाकी कव्हरं

गंगापूर रोड, नाशिक
११ जानेवारी २०२६

चि. उत्तरास,
नानांचे आशीर्वाद.

‘सौ.’ लिहावं की नाही, यावर पेन बराच वेळ अडलं. लिहिलं तर तू म्हणशील, ‘नानांना अजून वाटतंय सूनबाई दोन दिवस माहेरी गेलीय.’ नाही लिहिलं तर तुमचा निकाल मीच लावल्यासारखं होतं. म्हणून नुसतं चि. त्यावर तरी भांडण होऊ नये.

फोनच करणार होतो. पण रविवारी तू आरोहीशी व्हिडिओवर बोलतेस आणि मी ‘दे गं जरा इकडे’ म्हटलं की नेमकं पुण्याचं नेटवर्क जातं. पत्राचं नेटवर्क जात नाही. फार तर तू फोडणार नाहीस.

आरोही मजेत आहे. पाचवीचं वर्ष मोडू नये म्हणून तिला इथे ठेवायचं तू आणि महेशने मिळून ठरवलंत, ते बरंच केलंत. शाळेतून आली की दूध पिते आणि बाल्कनीत माझ्या खुर्चीशी मांडी घालून बसते. मी धडा वाचतो, ती मागून म्हणते. दुसऱ्या खेपेला निम्मा येतो, तिसऱ्या खेपेला माझंच कुठे चुकलं तर टोकते. नांदगावच्या शाळेत आम्ही असेच शिकलो. खिडकीबाहेरून मालगाडी जायची, तिच्या ठेक्यावर सगळा वर्ग कविता म्हणायचा. डबे संपले तरी कविता संपायची नाही. पुढे लासलगावच्या बाजार समितीत जन्मभर कांद्याचे लिलाव पुकारले, तेव्हा माझा आवाज ट्रॅक्टरच्या रांगेच्या त्या टोकाला पोहोचायचा. व्यापारी म्हणायचे, नाना भाव नाही, कविताच पुकारतो. असो.

शाळेत पाठांतराची स्पर्धा आहे. आमचे बोरसे गुरुजी स्वतः कविता रचायचे. त्यांचीच एक तिला दिली आहे:

रहाट म्हणतो, ‘माझे गाणे!’
घडा म्हणाला, ‘माझे पाणी!’
बैल बिचारा फिरतच राही,
त्याचे नाव न घेई कोणी.

कुठे छापलेली नाही. गुरुजी गेले, वर्गातले निम्मे गेले. आता ही माझ्याजवळ आणि आरोहीजवळ एवढीच उरली.

जाताना तू जे बोललीस ते मी विसरलो नाही. ‘नाना, ती वाचत नाही, ती आठवते.’ मी म्हटलं होतं, आठवणं म्हणजेच शिकणं. पुढे तू तपासणीचं काढलंस आणि माझ्या तोंडून गेलं, ‘माझ्या नातीला वेडी ठरवायला निघालीस?’ महेश माझ्या बाजूने बोलला आणि मग काय झालं ते तुला माहीत आहे. ते सगळं मी आज उकरणार नाही. फक्त एकदा तिचं पाठांतर ऐकायला ये, म्हणजे तुझं तुलाच कळेल.

अजून एक. तिच्या पुस्तकांची पार रया गेली होती. मेन रोडवरून खाकी कागदाची गुंडाळी आणली आणि सगळ्या पुस्तकांना आमच्या वेळेसारखी कव्हरं घातली. प्रत्येकावर लेबल, लेबलावर माझ्या वळणदार अक्षरात नाव आणि विषय. अशी एका गणवेशात उभी केली ना, डोळे निवले. आरोही म्हणते, ‘नाना, माझी चित्रं का झाकलीस?’ म्हटलं, अगं, थंडी आहे, पुस्तकांना स्वेटर घातले.

हे लिहितोय तर ती समोरच बसली आहे. ‘काय लिहितोस?’ म्हणाली. मी कागद पुढे केला, म्हटलं वाच की. तर म्हणते, ‘मोठ्यांची पत्रं वाचू नयेत.’ बघ, किती वळण आहे पोरीला!

तुझा,
नाना

ता. क. शाळेतून महेशला बोलावणं आलं होतं. त्याला वेळ झाला नाही. सहलीचं काहीतरी असेल.


१ फेब्रुवारी २०२६

चि. उत्तरास, आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी दुपारी टपालवाला येतो त्या सुमारास मी उगाच खाली जाऊन वॉचमनशी हवापाण्याच्या गप्पा मारतो.

आरोहीचा पहिला नंबर आला. पोरगी मंचावर उभी राहिली आणि ‘त्याचे नाव न घेई कोणी’ म्हणताना आवाज असा खाली आणला की सगळं सभागृह गप्प झालं. हे मी शिकवलेलं नाही. घरी येताना रिक्षात विचारते, ‘नाना, पण बैलाचं नाव काय होतं?’ म्हटलं, गुरुजींनी सांगितलं नाही. तर म्हणाली, ‘तू विचारायचं ना!’

आता दुसरं. हे लिहू की नको असं झालं आहे.

गेले काही दिवस तिच्या डायरीत शेरे येतात. ‘मराठीचे पुस्तक आणले नाही.’ ‘गणिताचे पुस्तक आणले नाही.’ दप्तर ती स्वतः भरते. मी म्हटलं, ‘काय गं, लक्ष कुठे असतं? लेबलं काय शोभेला लावलीत?’ मी जरा चढ्या आवाजात बोललो खरा.

परवा दुपारी म्हटलं, मराठीच्या पुस्तकातला तो कोकराचा धडा वाचून दाखव. तिने खाकी पुस्तक काढलं, मांडीवर उघडलं आणि बोट फिरवत सुरू केलं. काय सुंदर वाचत होती! स्वल्पविराम, उद्गार, सगळं जागच्या जागी. कोकरू कळपातून चुकतं तिथे तर मला भरूनच आलं. चष्मा पुसायला उठलो आणि सहज तिच्या खांद्यावरून पाहिलं.

पानावर माणसाचं पोट होतं. जठर, आतडी, बाणांनी दाखवलेली नावं. ते परिसर अभ्यासाचं पुस्तक होतं, उत्तरा. तिचं बोट लहान आतड्याखालच्या ओळीवर आणि तोंडात, ‘कोकराने मान वर करून पाहिले.’

मला हसू फुटलं. म्हटलं, ‘अगं, आतड्यात कोकरू कसं शिरलं?’ तीही हसली. पण जरा उशिराने हसली. माझ्या तोंडाकडे बघून, मग पुस्तकाकडे बघून, मग.

रात्री जेवताना महेशला गंमत म्हणून सांगितलं. तो हसला नाही. भात चिवडत म्हणाला, ‘तुम्ही डोक्यावर बसवलंय, नाना. आळशी झालीय ती.’

आळशी? अख्खा धडा पाठ करणारं पोर आळशी कसं? आणि आळशी नसेल, तर मग काय? चेष्टाच केली असणार. मुलं करतात. आम्हीही गुरुजींची करायचो. तुला काय वाटतं? रागावलेली असलीस तरी एवढं सांग.

नाना


२२ फेब्रुवारी २०२६

चि. उत्तरा,

तू महेशच्या फोनवर धाडलेला निरोप मिळाला. ‘नानांना सांग, तिला कधी न ऐकलेली एक ओळ वाचायला द्या.’ नमस्कार नाही, चमत्कार नाही. पण निरोप तर आला.

दोन दिवस मी ती ओळ दिलीच नाही. का, ते मला सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी पेपर पुढे केला. कांद्याचे भाव कोसळल्याची बातमी होती. त्यात काही नवीन नव्हतं, पण आरोहीने ती ऐकलेली नव्हती. म्हटलं, पहिली ओळ वाच.

तिने पेपरची नीट घडी केली. घडीवरून हात फिरवला. मग म्हणाली, ‘तूच वाच ना नाना. तुझा आवाज किती छान आहे.’

आणि मी वाचायला घेतलं होतं! चष्मा लावलादेखील. मग तसाच थांबलो. हेच वाक्य ती मला किती वर्षं म्हणतेय गं? प्रत्येक गोष्टीच्या पुस्तकाला, दुकानाच्या पाटीला, लग्नाच्या पत्रिकेला. आणि दर वेळी मी फुलून वाचत आलो.

म्हटलं, आज तू. मग ती बसली. ‘कां’ म्हणाली. बऱ्याच वेळाने ‘कांदा’ म्हणाली, पण तो तिने शेजारच्या चित्रावरून ओळखला. पुढे एक शब्द तिने तीन वेगळ्या तऱ्हांनी वाचला. कपाळावर घाम. मला राहवेना, मी शब्द पुरवला. तिने इतक्या सुटकेने श्वास सोडला की मलाच लाज वाटली.

विचारलं, ‘बाळा, काय होतं? दिसत नाही का?’

‘दिसतं. पण पहिलं अक्षर काय ते कळेपर्यंत दुसरं येतं. दुसरं ओळखेपर्यंत पहिलं गेलेलं असतं. मग सगळी एकदम बोलतात.’

मी आपला मनाने बाजार समितीत जाऊन पोहोचलो. नवा पोरगा लिलावाला यायचा, तेव्हा त्याचं असंच व्हायचं. चहूकडून व्यापारी ओरडतात, बोटं वर होतात, कुणी काय भाव बोललं ते डोक्यात धरेपर्यंत पुढचा बोललेला असतो. पोरगा हुशार असला तरी गांगरायचा. पण तो आठवड्याभरात सरावायचा. ही पाच वर्षं झाली तरी पहिल्या दिवशीच्याच लिलावात उभी आहे, आणि आपण तिला लेबल वाच म्हणतोय. हे असं असतं का? की मी आपलं माझ्या सोयीने काही जुळवतोय? मला खरंच कळत नाही.

शाळेतून पुन्हा बोलावणं आलं. महेशला ओढून नेलं. स्नेहल मॅडम म्हणून वर्गशिक्षिका आहेत, तरुण, बोलायला फटकळ. बोलावणं सहलीचं नव्हतं. पहिलं बोलावणंही सहलीचं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, ‘तोंडी विचारलं तर वर्गात सगळ्यांत आधी हात हिचा. लेखी दिलं तर पेपर कोरा. प्रश्न वाचून दाखवला की उत्तर सांगते. मी तर चक्रावलेच.’

महेश म्हणाला, ‘घरी लक्ष देत नाही, मॅडम. जरा कडक वागा तुम्ही.’

‘सर, कडक वागून पाहिलं. आता त्याचंच वाईट वाटतंय.’ मग माझ्याकडे वळल्या. ‘आजोबा, तुम्ही घेता का हिचा अभ्यास?’

मी ताठ बसून म्हटलं, ‘रोज.’

‘फारच छान घेता हो. म्हणून तर आम्हाला चौथीपर्यंत पत्ता लागला नाही.’

बाई हसून बोलली. पण मला कळेना की मला शाबासकी मिळाली की छडी.

त्या म्हणतात, तपासणी करून घ्या. पाचवीला आता पुन्हा नापास करतात. तपासणीत काही निघालं आणि तसा दाखला मिळाला, तर पेपरला जास्त वेळ मिळतो, प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळतो. नाही तर फेरपरीक्षा, आणि त्यातही राहिली तर पुन्हा पाचवी. मैत्रिणी पुढे जाणार, ही मागे बसणार.

गाडीत महेश स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाला, ‘शिक्का बसेल, नाना! उद्या लग्नाच्या वेळी लोक विचारतील.’

मागून आरोही म्हणाली, ‘पप्पा, मी ऐकतेय हां.’

सिग्नलला एक पाटी होती. मी ती सवयीने मोठ्याने वाचायला गेलो आणि तोंड मिटलं.

नाना


१५ मार्च २०२६

उत्तरा,

आज चि. वगैरे राहू दे.

महेशने तपासणीच्या कागदावर सही केली. मी त्याला म्हटलं, ‘माझ्या जिवावर बायकोशी भांडलास ना? मग आता माझ्याच जिवावर इथे सही कर.’ तो म्हणाला, ‘तुम्हीच तर म्हणायचात, आपल्या घरात असलं काही नाही.’ म्हटलं, म्हणायचो. मी पुष्कळ काही म्हणायचो. कांद्याला भाव येईल असंही म्हणायचो.

सरकारी दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर योगिनीबाई. खोलीत आरोहीला ठोकळे दिले, चित्रं दिली, कोडी घातली. बाहेर आल्यावर आरोही म्हणाली, ‘सोपं होतं.’ नंतर पुन्हा आत नेऊन वाचायचा कागद दिला. दार अर्धवट उघडं होतं. बाहेर बाकावर बसून मी ऐकत होतो, आणि ऐकायला काहीच येत नव्हतं. एवढी गप्प आरोही मी कधी ऐकलेली नाही. माझे ओठ आपोआप हलायला लागले. कागदावर काय आहे हे मला माहीत नव्हतं, तरी हलत होते. महेशने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा थांबले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बुद्धी उत्तम आहे, वेड नाही, आजार नाही. लक्षणं अध्ययन अक्षमतेची दिसतात, पण अजून बैठका बाकी आहेत. मी त्या ‘अक्षमते’वर वाद घातला. म्हटलं, चारशे ओळी पाठ असलेल्या पोरीला अक्षम म्हणता? त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘आजोबा, शब्द मलाही आवडत नाही. पण ती इतकं पाठ का करते, ते बघा ना. वाचता येत नाही म्हणून तिने स्वतःचा जुगाड केलाय. आणि त्यात तुम्ही तिचे जोडीदार.’

तेव्हापासून मी गोंधळलोय. म्हणजे आमच्या दुपारी खोट्या होत्या का? तिला कविता आवडत नव्हत्या? की आवडत होत्या आणि शिवाय गरजही होती? एकाच बादलीत दोन्ही पाणी असेल तर कुठलं कुठलं, हे कसं ओळखायचं? विचारून बघितलं. आरोही म्हणाली, ‘बैलाची आवडते. धडे नाही आवडत. धडे तुझ्यासाठी.’

तपासणी होईपर्यंत तिच्याकडून काहीही पाठ करून घेऊ नका, अशी डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद आहे. वाचून दाखवलं तरी चालेल, पण म्हणवून घ्यायचं नाही. दुपारी आम्ही दोघं बाल्कनीत बसतो आणि रस्त्यावरच्या गाड्या बघतो. घर फार शांत झालंय.

आता ज्याच्यासाठी लिहितोय ते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही बोलायला कधी लागली? रांगली कधी? जन्माच्या वेळी काही त्रास? कान फुटला होता का? घरात अजून कुणाला असं? महेश माझ्याकडे बघू लागला, मी महेशकडे. मी सांगितलं, अडीच वर्षांची असताना ही पूर्ण कविता म्हणायची. त्या म्हणाल्या, पहिला शब्द कोणता होता? आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं, उत्तरा. दोन बाप्ये, एक जन्मभर भाव लक्षात ठेवणारा आणि एक त्याचा मुलगा, आणि पोरीचा पहिला शब्द कुणाला सांगता येईना. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. ‘ज्यांना हे माहीत आहे त्यांना घेऊन या. त्यांच्याशिवाय हे पुरं होणार नाही.’

पुढची बैठक २४ मार्चला, मंगळवारी सकाळी आहे. ती चुकली तर नंतरची तारीख परीक्षेच्या पलीकडे जाते. आणि दाखल्याशिवाय ती परीक्षा म्हणजे पुन्हा तो कोरा पेपर.

तू बरोबर होतीस असं मी लिहिणार होतो. दोनदा लिहून खोडलं, कारण ते लिहिलं की तू फक्त बरोबर असल्याची पावती घ्यायला यावंस असं वाटेल. तू बरोबर होतीसच. पण ये, ते आरोहीसाठी. महेशशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. माझ्याशीही नको. दवाखान्यात तू डॉक्टरांशी बोल, आम्ही बाकावर बसू.

आज सकाळी खाकी कव्हरं काढली. मीच घातली होती, मीच काढली. आरोही शेजारी बसून बघत होती. पहिलं कव्हर निघालं तशी ती ओरडली, ‘हे मराठी!’ दुसरं काढलं, ‘हे गणित!’ जुन्या मैत्रिणी भेटल्यासारखी एकेक पुस्तक छातीशी धरत होती. डायरीतले सगळे शेरे माझे होते गं. मी एवढ्या सुंदर अक्षरात लेबलं लिहिली आणि तिच्या सगळ्या खुणा पुसून टाकल्या.

पत्र इथेच संपवणार होतो. नेहमीसारखं टेबलावर उघडंच ठेवलं होतं, पोर वाचेल ही भीती मला कधी नव्हती, आता ती का नव्हती तेही कळलं. पाणी पिऊन आलो तर आरोही कागदावर वाकलेली. बोट एकेका ओळीवरून सरकत होतं. मी दारातच थांबलो. खूप वेळ ती काही शोधत होती. मग मागे वळून म्हणाली, ‘नाना, तू कुणाला लिहिलंयस?’

म्हटलं, तुझ्या आईला.

‘मग यात आई कुठंय?’

मी म्हटलं, अगं, सगळं पत्र तिलाच आहे. मी तिला उत्तरा म्हणतो ना. तर म्हणाली, ‘ते मला नाही येत. आई येतं. तू आई लिही. मोठं लिही, जागा सोडून.’

म्हणून खालची ओळ तिच्यासाठी मोठ्या अक्षरात, जागा सोडून लिहिली आहे. ती मी तिला वाचून दाखवली नाही, म्हणवूनही घेतली नाही. ओठ दाताखाली धरून उभा राहिलो. तिला वेळ लागला. समोरच्या इमारतीवरचं ऊन तेवढ्यात गच्चीवर चढलं. पण तिने वाचली, उत्तरा. कुणीही न सांगता, सगळी वाचली.

आई ,   तू   ये .